रांधवणहाटाची जागा



स्मृती व्याख्यान देणाऱ्याने गेलेल्या माणसाविषयी बोलावे अशी रीत आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो ते गुरुजी आयुष्यभर गावाविषयीच बोलत राहिले. म्हणून मीही गावाविषयीच बोलतो. कालच्या गावाविषयी थोडे आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इथे जे गाव उभे राहील त्याविषयी जास्त.

९ मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ जाहीर झाले. त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. २०२४ मध्ये पहिले कुलगुरू म्हणून डॉ. अविनाश आवलगावकर यांची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मोर्शी तालुक्यातल्या, संत्र्याच्या पट्ट्यातल्या एका गावाचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाऊ लागले. त्याचा आनंद मला तुमच्याइतकाच आहे. पण विद्यापीठ आले की रस्ता येतो, भाड्याच्या खोल्या येतात, हॉटेले येतात, प्लॉटचे भाव चढतात. तीर्थक्षेत्र विकासाचा निधी आला की सभामंडप, भक्तनिवास, वाहनतळ, प्रवेशद्वार या गोष्टी ठरल्यासारख्या येतात. तेव्हा पारावर, चहाच्या टपरीवर, मठाच्या ओसरीवर एकच वाद रंगतो: जुने ठेवायचे की नवे करायचे? माझ्या मते हा वाद चुकीच्या जागेवरून सुरू होतो. आपल्या गावात जुने म्हणजे नेमके काय, हे ठरल्याशिवाय तो सुटणार नाही.

इथे गाविलगडासारखा किल्ला नाही, लोणारच्या दैत्यसूदनासारखे नक्षीचे मंदिर नाही. बाहेरून येणारा पाहुणा विचारतो, बघायला काय आहे? आपण त्याला राजमठाकडे नेतो, वाजेश्वरी दाखवतो, आणि थोडे थांबतो. कारण आपल्याकडे जे सर्वांत मोलाचे आहे ते वास्तूत कमी आणि जागेत जास्त आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू काटसुऱ्यात जन्मले आणि आई-वडील गेल्यावर इथे वाढले. त्यांचे सारे चरित्र या गावाच्या गल्ल्यांतून घडते. ते कुणाच्या घरात शिरतात, कुणाच्या चुलीपाशी जातात, रस्त्यात खेळतात, देवळात जातात तसे ज्यांना गावाने दूर ठेवले त्यांच्या वस्तीतही जातात. मातंगांच्या पाण्यासाठी विहीर करवल्याची लीळा आहे. म्हाइंभटांनी हे चरित्र लिहिले आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा ते वाचणाऱ्या परदेशी माणसाच्याही डोळ्यांसमोर एक चालते-बोलते गाव उभे राहिले. त्या पुस्तकाचा नायक गोविंदप्रभू, आणि दुसरा नायक म्हणायचा तर हे गावच.

चक्रधरस्वामींची आणि गोविंदप्रभूंची भेट कुठे झाली ते आठवा. कुठल्या गाभाऱ्यात नाही, कुठल्या डोंगरावरही नाही. ती झाली रांधवणहाटात. रांधलेले अन्न विकण्याच्या बाजारात. गोविंदप्रभूंनी दुकानातले सेंगुळे घेतले, खाल्ले आणि चक्रधरांना प्रसाद म्हणून दिले. महानुभाव पंथाच्या दृष्टीने ज्ञानशक्तीचा स्वीकार तिथे झाला. एका पंथाचा उगम खाण्याच्या दुकानापाशी सांगितला जातो, ही गोष्ट मला फार थोर वाटते. तिचा आजच्या वादाशी थेट संबंध आहे, कारण पुरातत्त्व खात्याच्या कुठल्याही यादीत बाजाराची गल्ली येत नाही. तिथे खांब नाही, शिखर नाही, शिलालेख नाही. रस्तारुंदीच्या नकाशावर तर ती फक्त एक अडचण असते.

त्याहून मागे जायचे तर रिद्धपूरला सापडलेले प्रभावतीगुप्तेचे ताम्रपट आहेत. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, वाकाटकांच्या घरातली राणी, दुसऱ्या प्रवरसेनाची आई. पाचव्या शतकातला हा लेख. त्यात दान दिले आहे एक शेत, त्यासोबत घर, आणि कसणाऱ्यांच्या चार झोपड्या. विद्वानांनी या लेखावर लिहिले ते राजवंश आणि कालगणना यांच्या अंगाने. मी तो वाचतो तेव्हा त्या चार झोपड्यांपाशी अडतो. त्यांत कोण राहत होते? दुसऱ्याच्या नावे होताना त्यांना कुणी विचारले होते का? दीड हजार वर्षांपूर्वीच्या व्यवहारात राहणाऱ्याला आवाज नव्हता. आजच्या आराखड्यात तो आहे की नाही, हे आपण पाहिले पाहिजे.

आता एका ग्रंथाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण माझे म्हणणे सगळे त्याच्यावर उभे आहे. स्थानपोथी. चौदाव्या शतकात मुनिव्यासांनी ती रचली. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या जागांची ती नोंद आहे. कुठल्या गावात, कुठल्या दिशेला, देवळाचे तोंड कुणीकडे, चौक कुठे, त्यापासून अमुक अंगाला काय. सातबारा नव्हता, मोजणीची साखळी नव्हती, त्या काळात भिक्षा मागत पायी फिरणाऱ्या माणसांनी आपल्या भूमीचा असा तपशील लिहून ठेवला. का ठेवला? कारण माणूस गेला तरी त्याच्या संबंधाची जागा वंदन करायला उरते, अशी पंथाची श्रद्धा होती, आणि इमारती पडतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी जपणूक केली ती जागेची: तिथे ओटा बांधला, दिशा लिहिली, वाट लिहिली. पुढे नारो व्यास बहाळिये यांनी ‘ऋद्धिपूरवर्णन’ लिहिले, आणि ते पंथाच्या साती ग्रंथांत गणले गेले. सात मान्यवर काव्यांतले एक काव्य एका गावाचे वर्णन असावे, असे भाग्य दुसऱ्या कुठल्या मराठी गावाला लाभले ते मला सांगा.

म्हणजे वारसा जपणे ही मुंबईहून आलेली नवी टूम नाही. आपल्या इथे ते काम सात शतकांपूर्वी सुरू झाले आहे आणि आपण त्याचे वारस आहोत. आणि त्या लोकांनी वारसा जपताना कुणाचे घर गोठवले नाही. घरे पडली, परत बांधली, धाब्याची झाली, कौलारू झाली, आता स्लॅबची होत आहेत, स्थान राहिले.

आता दोन्ही बाजूंचे म्हणणे मनापासून ऐकू या. ज्याचे घर गावठाणात आहे तो म्हणतो, “जुनं ठेवाचं हाय त ठेवा, पण माह्या लेकरानं पडक्या भितीखाली निजावं का?” त्याचे काही चुकत नाही. मातीची भिंत दर पावसाळ्याआधी लिंपावी लागते, पांढरी माती आणायची कुठून हा प्रश्न आहे, आणि धाबे घालणारे हात आता गावात उरले नाहीत. घरकुलाचे १ लाख २० हजार मिळायचे तर कच्चे घर पाडून किमान २५ चौरस मीटरचे पक्के घर बांधावे लागते. ज्याला उभ्या आयुष्यात एकदाच ही संधी मिळते त्याला वारशाचे प्रवचन देणे मला अन्यायाचे वाटते. ज्या बाईला अडल्यावेळी दवाखान्यात न्यायला गल्लीत गाडी शिरत नाही, तिलाही रुंद रस्ता हवा आहे, आणि तो तिचा हक्क आहे.

दुसरी बाजू म्हणते, एकदा गेले की गेले. अमरावतीच्या परकोटाकडे पाहा. जवाहर गेटातून आपण रोज जातो, तटाला टेकून दुकाने आणि घरे उभी राहिलेली पाहतो, आणि इथे वेस होती हे मुलांना सांगावे लागते. हेही चुकीचे नाही.

तिसरी एक बाजू असते, तिच्याविषयी उघड कुणी बोलत नाही: भक्तांची. श्रद्धेने देणगी येते आणि फरशी बसते, स्टीलचे कठडे लागतात, दगडावर ऑइलपेंट चढतो, ओट्यावर ग्रॅनाइट येते. देणाऱ्याचा भाव निर्मळ असतो. पण पंढरपूरला काय झाले ते पाहा. मार्च २०२४ पासून विठ्ठल मंदिराच्या जतनाचे काम झाले, त्यात गाभाऱ्यातल्या मागाहून बसवलेल्या संगमरवरी आणि ग्रॅनाइटच्या फरश्या काढून मूळ दगड उघडा करावा लागला. त्यासाठी अडीच महिन्यांच्या आसपास पदस्पर्श दर्शन बंद होते. मे महिन्याच्या अखेरीस आवारात एक तळघर सापडले आणि त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. आधीच्या पिढ्यांनी भक्तीने जे घातले ते पुढच्यांनी खर्च करून काढले. आपल्या ओट्यांवर अजून जिथे जुना दगड उघडा आहे, तिथे महंत मंडळींनी देणगीदाराला हात जोडून सांगावे की फरशी नको, पंगत घाला, पोथ्यांच्या जतनाला द्या. हे सांगायला धैर्य लागते, आणि ते तुमच्यापाशी आहे हे मला ठाऊक आहे.

पंढरपूरचे दुसरे उदाहरण वेगळे आहे. काशी विश्वनाथाचा कॉरिडॉर डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला आणि तसाच आराखडा २०२२ मध्ये पंढरपुरासाठी पुढे आला. मंदिराभोवतीच्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. वारकऱ्यांची गर्दी वाढते, तिला वाट हवी, हे त्यांनाही मान्य होते. पण ज्यांची घरे जाणार त्यांच्याशी बोलणे आधी व्हावे लागते. रेघा आधी आखल्या आणि चर्चा मागून ठेवली की सुधारणेलासुद्धा लोक आक्रमण समजतात.

कायदा इथे किती मदत करील? केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवती, २०१० च्या दुरुस्तीनंतर, १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियमन आहे. एखाद्या किल्ल्याला किंवा लेण्याला हे ठीक आहे. जिथे स्थाने माणसांच्या अंगणात आहेत, तिथे प्रत्येक ओट्याभोवती १०० मीटरचे वर्तुळ काढले तर सारे गावठाण त्यात बुडेल. “पुरातत्त्वचा बोर्ड लागला की वीटही हलत नाही” ही भीती गावोगाव आहे, आणि त्या भीतीने नुकसानच होते. पांढरीत पाया खोदताना खापरे, मोठ्या विटा, कधी नाणे लागते, आणि माणूस ते गुपचूप बुजवून टाकतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीची सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कळवले तर काम थांबेल, या धास्तीने कुणी कळवत नाही. कायद्याचा धाक जिथे इतका आहे तिथे माहिती मरते.

मुंबईने १९९५ मध्ये वेगळा मार्ग काढला. वारसा इमारतींची यादी केली, श्रेणी ठरवल्या, आणि ज्या मालकाला बांधता येत नाही त्याला विकास हक्क दुसरीकडे विकण्याची सोय दिली. गिरगावात खोताच्या वाडीतले रहिवासी आपली लाकडी गॅलऱ्यांची घरे वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे भांडत आले, त्यांना अशा नियमांचा थोडाफार आधार मिळाला. पण हा उपाय चौरस फुटाला सोन्याचा भाव असलेल्या शहरातला आहे. रिद्धपूरच्या गावठाणातल्या दोन खणांच्या घराचा हक्क विकत घ्यायला कोण येणार? आपल्याला आपला मार्ग काढावा लागेल, आणि तो ग्रामसभेतून जातो.

ग्रामसभा हा शब्द उच्चारला की चेहरे कसे होतात ते मला माहीत आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. झेंडावंदन झाले की सतरंजी अंथरायची, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही म्हणून मोजक्या माणसांत ठराव मंजूर. कायद्याला लागतात तरी किती लोक? मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे. शंभर माणसे! एका पंगतीला यापेक्षा जास्त बसतात. गावाचा नकाशा बदलणारे ठराव तहकूब सभेत होणार असतील, तर पुढे तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आपल्याकडे राहत नाही.

आणि नियमित सभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुधा सह्यांपुरती होते. मंडळी, हे महदाइसेचे गाव आहे. मराठीतली आद्य कवयित्री इथे गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या खेळात धवळे रचून गायली. चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली तेव्हा हिराइसेसारख्या साध्वीच्या पाठातून ते पुन्हा उभे राहिले. या गावाची स्मृती बायकांनी राखली आहे. पाणी कुठल्या गल्लीत तुंबते, कुठला ओटा कुणाच्या सासूबाई सारवत असत, कुठली विहीर कधी बुजवली, हे आजही त्यांनाच सांगता येते. आराखड्यावरची पहिली चर्चा महिला सभेत व्हावी, मिनिटबुकात ती सविस्तर लिहावी, असा माझा आग्रह आहे.

माझा प्रस्ताव साधा आहे. कुठलीही निविदा निघण्यापूर्वी गावाने आपली स्थानांची वही करावी. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन नकाशे आणि मालमत्ता पत्रके होत आहेत. तो नकाशा एका हातात आणि गोविंदप्रभू चरित्र, स्थानपोथी, ऋद्धिपूरवर्णन दुसऱ्या हातात घेऊन गल्ली-गल्ली चालायचे. पोथी वाचू शकणारे महंत, मोजणी कळणारा एखादा अभियंता, आणि त्या गल्लीतली दोन म्हातारी माणसे, एवढे सोबत हवेत. रांधवणहाट कुठे होता असे मानतात? वेस कुठे होती? मतभेद होतील. एक जण म्हणेल इथे, दुसरा म्हणेल तिथे. दोन्ही लिहायचे, सांगणाऱ्याच्या नावासकट. लीळाचरित्र लिहिताना म्हाइंभटांनी तेच केले. ज्यांचा स्वामींशी संबंध आला त्या प्रत्येकाला गाठून विचारले, आणि एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ ज्याच्या त्याच्या नावाने परंपरेत जपले गेले. भांडण मिटवण्यासाठी कुणाची आठवण खोडली नाही. आपल्या ग्रामसभेला याहून चांगला कामकाजाचा नमुना कुठे मिळेल?

वही झाली की बहुतेक भांडणे लहान होतात. गावातल्या हजारो गोष्टींपैकी हात लावू नये अशा जागा हाताच्या बोटांपलीकडे फार जाणार नाहीत, आणि त्या मुख्यतः सामायिक जमिनीवर किंवा मठांच्या आवारात असतील. बाकी घरमालकाने खुशाल नवे बांधावे. गावठाणात बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागतेच. त्या अर्जात एक रकाना वाढवावा, की या जागेची वहीत नोंद आहे का. असली तर पाया खोदताना माहीतगार माणूस हजर राहील, फोटो निघतील, काही सापडले तर नोंद होईल, आणि काम आठवड्याच्या आत पुढे जाईल. असा शब्द गावाने मालकाला द्यावा आणि पाळावा. मग माणूस खापरे बुजवणार नाही.

रस्त्याविषयी मात्र मी कडक आहे. रुंदीवर सगळे भांडतात, उंचीकडे कुणाचे लक्ष नसते. आपल्या वऱ्हाडात कुठल्याही गावात पाहा: दर काही वर्षांनी जुन्या सिमेंट रस्त्यावर नवा थर पडतो, रस्ता वीतभर वर येतो, आणि घराचा उंबरठा, देवळाची पायरी, ओट्याची बैठक खाली जाते. पावसाचे पाणी घरात शिरते, भिंतीला ओल धरते, मातीचे घर त्या ओलीनेच पडते, आणि आपण म्हणतो जुने घर होते, पडले. तीन-चार थरांत एक ओटा जमिनीत जातो. तो पाडायला कुणी आले नव्हते, कुणाचा विरोधही नव्हता. म्हणून ठरावात लिहा: नवा थर टाकण्याआधी जुना खरवडला पाहिजे, आणि स्थानासमोरची पातळी वहीत नोंदलेल्या पातळीच्या वर जाता कामा नये. गटाराचा उतार त्याच हिशेबाने काढावा. अंदाजपत्रकात ही बाब आधी घातली तरच ठेकेदार ती करील. हा वारशाचा नियम आहे आणि तुमच्या घरात पाणी शिरू न देण्याचाही. एकाच ओळीत दोन्ही बाजूंचे काम होते.

विद्यापीठाकडून माझी एक अपेक्षा आहे. इथे मराठी शिकायला येणारा विद्यार्थी पहिल्या सत्रात या गल्ल्यांत पोथी घेऊन फिरावा. लीळाचरित्राचा अभ्यास त्यातल्या अंतरांसह, दिशांसह, वाटांसह व्हावा. डॉ. वि. भि. कोलते यांच्यासारख्या बुलढाण्याच्या मातीतल्या माणसाने या ग्रंथांच्या संपादनात आयुष्य घातले. त्यांच्या पाठांचा आणि आजच्या गावाचा मेळ घालण्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते इथेच होऊ शकते. विद्यार्थ्यांसाठी खोल्या लागतील, त्या गावातल्याच घरांत निघाव्यात. म्हणजे घर राखणाऱ्याला चार पैसे मिळतील आणि गावठाण ओस पडून सारी वस्ती हमरस्त्यावर सरकणार नाही. जुनी गावे पाडल्याने जितकी गेली, तितकीच रिकामी झाल्यानेही गेली आहेत.

वहीच्या तीन प्रती कराव्यात असे मी सुचवतो. एक ग्रामपंचायतीत, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि एक मठात. दर १ मेच्या ग्रामसभेत ती उघडून वर्षभरातली भर वाचून दाखवावी, आणि ज्याला एखादी नोंद मान्य नसेल त्याने आपला पाठ तिथेच सांगून लिहून घ्यावा. येत्या २ ऑक्टोबरच्या सभेपुढे हा ठराव आणायचा तर आधीच्या महिला सभेची नोटीस लवकर निघायला हवी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघेही इथे बसले आहेत. तारखेचे त्यांनी आजच ठरवावे.